टोपली आणि दुर्बीण: शेजारी ठेवल्या जाणाऱ्या, पण एका जातीच्या नसलेल्या दोन इमारती

वस्तूच्या आकाराच्या इमारतींचा विषय निघाला की अमेरिकेतल्या दोन कचेऱ्या हटकून एका दमात सांगितल्या जातात: ओहायोतल्या न्यूअर्कची टोपली आणि लॉस एंजेलिसच्या व्हेनिस भागातली दुर्बीण. दोन्ही नव्वदच्या दशकातल्या, आणि दोन्ही बांधून घेणाऱ्या कंपन्या पुढे तिथून गेल्या. पण दुर्बिणीला नवा भाडेकरू मिळाला आणि टोपली ओस पडली. हा फरक मला नुसत्या नशिबाचा वाटत नाही.

दुर्बिणीचं आधी सांगतो, ते थोडक्यात आहे. वास्तुविशारद फ्रँक गेरी यांनी शायट/डे या जाहिरात कंपनीसाठी ही कचेरी बांधली, 1991 साली. दुर्बीण म्हणजे तिचं प्रवेशद्वार. ते क्लेस ओल्डेनबर्ग आणि कोशा व्हॅन ब्रुगेन यांचं शिल्प आहे. दोन नळकांड्यांच्या मधून गाड्या आत वाहनतळाकडे जातात आणि नळकांड्यांच्या आत छोट्या खोल्या आहेत. बाकीची इमारत चारचौघींसारखी वापरता येते. शिवाय शायट/डे काही दुर्बिणी विकत नव्हती, त्यामुळे ती गेल्यावरही दारातला आकार कुणाला परका वाटला नाही. 2011 मध्ये गूगलने जागा भाड्याने घेतली.

टोपलीचं तसं नाही. तिथे आकार म्हणजेच इमारत, आणि आकार म्हणजेच विकायचा माल. लाँगाबर्गर कंपनी मेपलच्या पट्ट्यांच्या हातविणीच्या टोपल्या विकायची, त्याही दुकानांतून नव्हे, तर घरोघरी बायका जमवून. संस्थापक डेव्ह लाँगाबर्गर यांना कंपनीची प्रत्येक इमारत टोपलीच्याच आकाराची हवी होती. पुरी झाली ती एकच, 1997 मध्ये. बाजारच्या टोपलीची 160 पट मोठी प्रतिकृती, सात मजले, 1,80,000 चौरस फूट. विणीचा भास गिलाव्यातून आणलेला. वरच्या दोन कड्यांचं वजन सुमारे 150 टन, आणि हिवाळ्यात त्यांवर बर्फ साचू नये म्हणून त्या तापवण्याची सोय. एवढ्या निष्ठेने आपल्या मालाला उभं करणारा मालक विरळा, आणि मला त्याचं कौतुकच वाटतं.

डेव्ह 1999 मध्ये वारले. 2000 साली विक्री 100 कोटी डॉलरच्या घरात होती, कामगार 8,000 हून जास्त. मग टोपल्यांची हौस ओसरली, घरगुती मेळाव्यांतून होणारी विक्री आटली. 2016 मध्ये उरलेसुरले कर्मचारी टोपलीतून हलवले गेले, 2018 मध्ये कंपनीच थांबली. नाव पुढच्या वर्षी दुसऱ्या कंपनीने विकत घेतलं. नाव उचलून नेता येतं, इमारत नाही.

सुमारे 3 कोटी डॉलर खर्चून बांधलेली ही वास्तू 2017 च्या अखेरीस 12 लाख डॉलरना गेली. दुसऱ्या कुठल्या कंपनीने दुसऱ्याच्या मालाच्या पोटात बसून कारभार करावा तरी कसा? आणि न्यूअर्क म्हणजे काही लॉस एंजेलिस नव्हे. एवढी जागा भरणारा भाडेकरू तिथे मुळातच दुर्मीळ. म्हणून 2019 मध्ये नव्या मालकांनी तिचं आलिशान हॉटेल करायचं जाहीर केलं, तो विचार मला योग्य वाटतो. कचेरीच्या भाडेकरूला हा आकार अडचणीचा असतो. हॉटेलचा पाहुणा मात्र आकारासाठीच येईल. मधेच महामारी आली आणि 2021 मध्ये टोपली पुन्हा विक्रीला निघाली, मागणी 65 लाख डॉलरची.