अडतिसाव्या वर्षी पहिला सामना: लेस्ली कॉम्प्टनच्या पदार्पणामागे काय घडलं होतं?

१५ नोव्हेंबर १९५० रोजी संडरलंडच्या रोकर पार्कवर इंग्लंडचा फुटबॉल संघ वेल्सविरुद्ध उतरला. बचावफळीच्या मधोमध उभा असलेला लेस्ली कॉम्प्टन त्या दिवशी ३८ वर्षे ६४ दिवसांचा होता आणि इंग्लंडकडून हा त्याचा पहिलाच सामना होता. १८७३ मध्ये चाळिशी उलटलेला अलेक्झांडर मॉर्टन स्कॉटलंडविरुद्ध खेळला होता, पण तो गोलरक्षक. गोलरक्षक सोडले तर इंग्लंडकडून इतक्या उशिरा पदार्पण केलेला दुसरा खेळाडू नाही.

कॉम्प्टन हे आडनाव आपल्याकडच्या जुन्या क्रिकेटप्रेमींना ओळखीचं आहे ते डेनिसमुळे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात डेनिस लष्करातून महूला आला, होळकर संघाकडून रणजी खेळला आणि मार्च १९४५ मध्ये ब्रेबॉर्न स्टेडियमवर मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात त्याने नाबाद २४९ धावा काढल्या. होळकर तरीही ३७४ धावांनी हरले. लेस्ली हा त्याचा थोरला भाऊ, जवळजवळ सहा वर्षांनी मोठा. दोघेही उन्हाळ्यात मिडलसेक्सकडून क्रिकेट आणि हिवाळ्यात आर्सेनलकडून फुटबॉल खेळायचे. धाकटा डाव्या कडेने चढाई करणारा विंगर, थोरला उंचापुरा बचावपटू. क्रिकेटमध्ये थोरला यष्टीरक्षक.

लेस्लीचं नाव ‘सर्वाधिक वयाचा पदार्पणवीर’ अशा एका ओळीत संपवलं जातं, ते मला पटत नाही. हा खेळाडू उशिरा शिकला किंवा उशिरा बहरला, असं मुळीच नव्हतं. आर्सेनलच्या पहिल्या संघात तो १९३२ सालीच उतरला होता. पण फुल बॅकच्या, म्हणजे मागच्या बचावपटूंच्या, दोन जागांवर तेव्हा जॉर्ज मेल आणि एडी हॅपगुड होते, दोघेही पुढे इंग्लंडचे कर्णधार झालेले. सेंटर हाफला, म्हणजे मधल्या जागेवर, हर्बी रॉबर्ट्स. क्लबातच जागा मिळेना, तिथे देशाच्या संघाचं काय घेऊन बसलात?

या रॉबर्ट्सच्या जागेबद्दल थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं तिच्याभोवती फिरतं. १९२५ मध्ये ऑफसाइडचा नियम बदलला. आधी पुढच्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या मध्ये प्रतिस्पर्ध्यांचे तीन खेळाडू असावे लागत, आता दोन पुरेसे झाले. गोलांचा पाऊस पडू लागला. त्याच वर्षी आर्सेनलकडे व्यवस्थापक म्हणून आलेल्या हर्बर्ट चॅपमनने सेंटर हाफला मधल्या फळीतून मागे ओढून दोन फुल बॅकच्या मध्ये उभं केलं. त्याचं काम एकच: समोरच्या संघाच्या सेंटर फॉरवर्डला, म्हणजे मुख्य आक्रमकाला, रोखायचं आणि हवेतला प्रत्येक चेंडू डोक्याने परतवायचा. या कामाला वेगापेक्षा उंची, अंदाज आणि थंड डोकं जास्त लागतं. म्हणूनच वय वाढलं तरी ते निभावता येत होतं.

मग युद्ध आलं. सप्टेंबर १९३९ मध्ये इंग्लंडची फुटबॉल लीग तीन फेऱ्यांनंतर बंद पडली आणि १९४६ पर्यंत सुरूच झाली नाही. २७ व्या वर्षाच्या उंबरठ्यावरचा लेस्ली लीग पुन्हा सुरू झाली तेव्हा ३४ व्या वर्षाला टेकला होता. मधल्या काळात तो खेळत होताच. युद्धकालीन सामन्यांत त्याला आघाडीच्या फळीतही खेळवलं गेलं आणि फेब्रुवारी १९४१ मध्ये क्लॅप्टन ओरिएंटविरुद्ध १५-२ अशा विजयात त्याने एकट्याने दहा गोल केले! इंग्लंडकडूनही तो काही युद्धकालीन सामने खेळला. ते सामने अधिकृत धरले जात नाहीत. धरले असते तर हा विक्रम त्याच्या नावावर नसता. डेनिसचंही तेच. तो इंग्लंडकडून असे बारा सामने खेळला, पण अधिकृत फुटबॉल कॅप, म्हणजे देशाकडून खेळल्याचा मान, त्याला कधीच मिळाली नाही.

युद्धानंतर लेस्ली आर्सेनलचा नेहमीचा सेंटर हाफ झाला. १९४७ मध्ये मिडलसेक्सबरोबर काउंटी विजेतेपद, १९४८ मध्ये आर्सेनलबरोबर लीगचं विजेतेपद. मार्च १९५० मध्ये एफए कप या इंग्लंडच्या बाद फेरीच्या स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात चेल्सीने दोन गोलांची आघाडी घेतली होती. शेवटच्या टप्प्यात आर्सेनल एका गोलाने मागे असताना डेनिस कॉर्नर घ्यायला गेला. कर्णधार जो मर्सर लेस्लीला मागेच थांब म्हणून खुणावत होता. लेस्लीने ऐकलं नाही, पुढे गेला आणि भावाच्या कॉर्नरवर हेडर मारून बरोबरी साधली. आर्सेनलने पुढे कपही जिंकला. एवढं होऊनही इंग्लंडच्या निवड समितीला त्याची गरज नव्हती, कारण त्या जागेवर स्टोक सिटीचा नील फ्रँकलिन होता.

फ्रँकलिन नुसता चेंडू परतवणारा नव्हता, पायात चेंडू घेऊन खेळणारा होता. युद्धानंतरचे इंग्लंडचे सलग २७ सामने तो खेळला. पण त्या काळी इंग्लंडमध्ये फुटबॉलपटूच्या पगाराला कमाल मर्यादा होती, आठवड्याला १२ पौंड. स्टेडियम हजारोंनी भरायचं, आणि त्यातल्या उत्तमातल्या उत्तम खेळाडूच्याही हाती एवढेच यायचे. कोलंबियाची लीग तेव्हा फिफाच्या बाहेर होती. क्लबला एक छदामही न देता ती जगभरचे खेळाडू भरघोस पैसे मोजून उचलत होती. अर्जेंटिनाचा नामवंत आक्रमक डी स्टेफानो तिथे गेला होता. मे १९५० मध्ये, विश्वचषक तोंडावर असताना, फ्रँकलिन बोगोटाच्या सांता फे क्लबकडे गेला. मला त्यात गद्दारी दिसत नाही. बारा पौंडांत बांधून ठेवलेल्या माणसाने दुसरं काय करायचं होतं?

विश्वचषकात २९ जूनला ब्राझीलमधल्या बेलो होरिझोंतेमध्ये अमेरिकेने इंग्लंडला १-० असं हरवलं. शरद ऋतूत निवड समिती सेंटर हाफ शोधत फिरू लागली. ऑक्टोबरमध्ये मँचेस्टर युनायटेडचा ॲलेनबी चिल्टन खेळवला, नोव्हेंबरमध्ये लेस्लीला बोलावणं आलं. आर्सेनलचाच लायोनेल स्मिथही त्याच दिवशी पहिल्यांदा इंग्लंडकडून खेळला, वय ३०. तोही युद्धात वर्षं गेलेल्यांपैकीच.

समोर होता ट्रेव्हर फोर्ड. संडरलंडने महिन्याभरापूर्वीच ३० हजार पौंडांना घेतलेला, म्हणजे रोकर पार्क त्याचं घरचं मैदान. फोर्डने दोन गोल केले, पण इंग्लंड ४-२ ने जिंकलं.

पुढे उशिरा संधी मिळालेल्यांची अशी नावं अधूनमधून येत राहिली. इटलीच्या दारिओ ह्यूब्नरने सेरी आ या तिथल्या सर्वोच्च लीगमध्ये पाऊल ठेवलं तिशीत, आणि ३५ व्या वर्षी तो तिथला संयुक्त सर्वोच्च गोलवीर ठरला. इजिप्तचा गोलरक्षक एसाम अल हदारी विश्वचषकात पहिल्यांदा खेळला २०१८ मध्ये, ४५ व्या वर्षी, आणि त्याने पेनल्टी अडवली. तो १९९६ पासून देशाकडून खेळत होता. १९९० नंतर इजिप्तच विश्वचषकात पोचला नव्हता.

लेस्लीचा दुसरा सामना आठवड्याभरात, २२ नोव्हेंबरला, त्याच्याच आर्सेनलच्या हायबरी मैदानावर झाला. युगोस्लाव्हियाने २-२ अशी बरोबरी साधली. त्यानंतर त्याला बोलावणं आलं नाही. ती जागा एकामागून एक खेळाडूंना देऊन पाहिली गेली, आणि १९५४ च्या विश्वचषकात बिली राइट तिथे आला तेव्हा कुठे प्रश्न सुटला.

फ्रँकलिन काही महिन्यांतच बोगोटाहून परतला होता. त्याच्यावर बंदी घातली गेली, ती संपल्यावर तो दुसऱ्या विभागातल्या हल सिटीकडे गेला. इंग्लंडने त्याला पुन्हा कधी निवडलं नाही. शेवटचा सामना तो एप्रिल १९५० मध्ये स्कॉटलंडविरुद्ध खेळला होता, तेव्हा त्याचं वय होतं २८.