अवरक्त वर्णपटांचे जलद आलेखन व दर्शन

पदार्थाने कोणत्या तरंगसंख्येच्या (एका सेंटिमीटरात मावणाऱ्या तरंगांची संख्या, एकक सेंमी.⁻¹) अवरक्त प्रारणाचे किती शोषण केले, हे सेकंदाभरात किंवा त्याच्या लहानशा अंशात मोजून त्याचा आलेख, म्हणजे वर्णपट, तत्काळ पडद्यावर आणणाऱ्या तंत्रांचा या नोंदीत विचार केला आहे. रेणूंतील बंधांच्या कंपनांमुळे होणारे शोषण मुख्यतः ४००० ते ४०० सेंमी.⁻¹ या मध्य-अवरक्त पट्ट्यात दिसते, म्हणजे तरंगलांबी २.५ ते २५ मायक्रोमीटर असते. बेळगाव परिसरातील रसायनशास्त्र व औषधनिर्माणशास्त्राच्या विद्यार्थ्यांचा या विषयाशी पहिला संबंध येतो तो याच पट्ट्यातून.

जुन्या वर्णपटमापकात मिठाच्या लोलकाने प्रारण पसरवले जाई, अरुंद फटीतून एकेक तरंगलांबी शोधकावर (प्रारण टिपून त्याचा विद्युत संकेत देणाऱ्या घटकावर) पाडली जाई आणि कागदावर पेन रेघ ओढत जाई. एका वर्णपटाला दहा-पंधरा मिनिटे सहज लागत. हा संथपणा केवळ लोलक किंवा आरसा फिरवणाऱ्या यंत्रणेचा नव्हता. प्रारण मोजणारे थर्मोकपल (उष्णतेने विद्युतदाब निर्माण करणारा दोन धातूंचा जोड) तापायला आणि निवायला वेळ घेते, आणि त्याच्या प्रतिसादाहून जास्त वेगाने वर्णपट सरकवला तर शोषणाची शिखरे बुटकी होतात व मूळ जागेवरून ढळतात. त्यामुळे जलद आलेखनाचा इतिहास हा खरे तर शोधकांचाच इतिहास आहे. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनमध्ये वर्णपट ऑसिलोस्कोपच्या पडद्यावर दाखवण्याचे प्रयोग झाले. लेड सल्फाइडचे प्रकाशसंवाहक (प्रारण पडताच वीजवाहकता बदलणारे) शोधक पुरेसे चपळ होते, पण त्यांची मजल साधारण ३ मायक्रोमीटरपर्यंतच. अमेरिकेत बर्कली येथे जॉर्ज पिमेंटेल यांनी क्षणजीवी रेणू पकडण्यासाठी जलद वर्णपटमापक विकसित केले. १९६९ मध्ये मंगळाजवळून गेलेल्या मरीनर ६ व ७ या यानांवरील अवरक्त वर्णपटमापकाचे कामही त्यांच्याच गटाचे.

खरी उडी मारली गेली ती मायकेलसन व्यतिकरणमापी (प्रारणाचे दोन भाग पुन्हा एकत्र आणणारे उपकरण) आणि फूरिये रूपांतर (मिश्र संकेतातील वारंवारता वेगळ्या करणारे गणित) यांच्या जोडीमुळे. या पद्धतीत फट नसते. प्रारणाचे दोन भाग करून एक स्थिर आरशावरून, दुसरा सरकत्या आरशावरून परत आणतात आणि दोन्ही एकत्र करून शोधकावर पाडतात. सरकत्या आरशामुळे प्रत्येक तरंगसंख्येला स्वतःची वारंवारता मिळते: आरसा सेकंदाला ०.१६ सेंमी. सरकत असेल, तर ४००० सेंमी.⁻¹ चे प्रारण शोधकापाशी १२८० हर्ट्झचा चढउतार होऊन पोहोचते आणि ४०० सेंमी.⁻¹ चे १२८ हर्ट्झचा. सगळ्या तरंगसंख्या एकाच वेळी मोजल्या जातात, हा पीटर फेलगेट यांनी दाखवलेला फायदा. फटीत प्रारण वाया जात नाही, हा पिएर झाकिनो यांनी दाखवलेला. मात्र मिळालेल्या व्यतिकरणालेखातून (आरशाच्या जागेनुसार बदलणाऱ्या संकेताच्या आलेखातून) वर्णपट काढणे हे मोठे किचकट गणित होते. कूली व टूकी यांनी १९६५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या जलद फूरिये रूपांतराच्या रीतीने आणि छोट्या संगणकांनी ते आवाक्यात आणले. आरशाची जागा हीलियम-निऑन लेसरच्या ६३२.८ नॅनोमीटर तरंगलांबीवरून ठरवली जाते, म्हणून पाठोपाठचे वर्णपट एकमेकांवर नेमके बसतात.

वेग वाढवण्याची किंमतही येथेच कळते. ४ सेंमी.⁻¹ विभेदनासाठी (इतक्या जवळची शिखरे वेगळी दिसण्यासाठी) दोन भागांच्या वाटांत ०.२५ सेंमी. मार्गफरक, म्हणजे आरशाची फक्त १.२५ मिमी. हालचाल लागते. सेकंदाला ५ सेंमी. वेगाने ती २५ मिलिसेकंदांत उरकते, पण मग ४००० सेंमी.⁻¹ चा संकेत ४०,००० हर्ट्झवर जातो. नेहमीचा तापविद्युत शोधक तिथे मागे पडतो आणि द्रव नायट्रोजनने थंड ठेवलेला मर्क्युरी कॅडमियम टेल्युराइडचा शोधक वापरावा लागतो. शिवाय संकेतातला गोंगाट आवर्तनांच्या (आरशाच्या फेऱ्यांच्या) संख्येच्या वर्गमुळाच्या प्रमाणात कमी होतो. १६ आवर्तनांची सरासरी घेतली तर तो चौपट घटतो. घाईत एकच आवर्तन घेणाऱ्याला हा लाभ मिळत नाही.

जिवंत दर्शनाचा उपयोग प्रयोगशाळेत फार थेट आहे. नमुनाकक्ष उघडा ठेवून कुणी त्यावर वाकून बोलू लागले, की पडद्यावर २३५० सेंमी.⁻¹ जवळ कार्बन डायऑक्साइडची जोडशिखरे लगेच वाढताना दिसतात. बेळगाव-खानापूरच्या पावसाळ्यात दुसरी पंचाईत असते. नमुना मिसळलेली पोटॅशियम ब्रोमाइडची चकती दाबेपर्यंत हवेतली ओल शोषते आणि ३४०० सेंमी.⁻¹ च्या आसपास रुंद फुगवटा उठतो, जो कित्येकदा नमुन्यातल्या हायड्रॉक्सिल गटाचा म्हणून वहीत लिहिला जातो. यंत्रात प्रारणाचे दोन भाग करणारा किरणविभाजकही बहुधा याच क्षाराचा असल्याने आतले ओल शोषणारे सिलिका जेल निळ्याचे गुलाबी झाले की बदलणे निकडीचे ठरते.

सीमाभागात या तंत्राचा सर्वांत ओळखीचा उपयोग दुधाचा. मोठ्या दुग्धप्रकल्पांच्या प्रयोगशाळांतील अवरक्त विश्लेषक स्निग्धांश १७४५, प्रथिने १५५० आणि दुग्धशर्करा १०४५ सेंमी.⁻¹ जवळच्या शोषणावरून अर्ध्या-एक मिनिटात सांगतात. गावच्या डेअरीत फॅट दाखवणारे छोटे यंत्र मात्र सहसा ध्वनितरंगांवर चालते. दोन्हींची गल्लत होऊ नये. निपाणीच्या तंबाखूसारख्या पिकातील निकोटिन व शर्करा, किंवा उसाच्या रसातील साखर, निकट-अवरक्त (दृश्य प्रकाशालगतच्या) पट्ट्यात मोजता येते, पण तिथे शिखरे एकमेकांत मिसळलेली असल्याने आधी रासायनिक पद्धतीने तपासलेल्या पुष्कळ नमुन्यांवरून यंत्राचे अंशांकन करून घ्यावे लागते.

मिलिसेकंदाहून लहान काळासाठी सलग सरकणारा आरसा पुरत नाही. वारंवार तशीच घडवता येणारी प्रक्रिया असेल, तर आरसा टप्प्याटप्प्याने थांबवून प्रत्येक टप्प्यावर ती पुन्हा सुरू करतात आणि नॅनोसेकंदांपर्यंत पोहोचतात. एकदाच घडणाऱ्या घटनेसाठी १९९४ मध्ये प्रथम चालवून दाखवलेले क्वांटम कॅस्केड लेसर, किंवा किंचित वेगळ्या अंतराच्या दोन वारंवारता-कंगव्यांची (समान अंतरावरच्या अनेक वारंवारता एकत्र देणाऱ्या लेसरांची) जोडी वापरतात. दुसऱ्या पद्धतीत हलणारा आरसाच नसतो आणि वर्णपट मायक्रोसेकंदांत हाती येतो.