निर्वासितांच्या दवाखान्यातला केसपेपर: मोजणीपासून पाठपुराव्यापर्यंत

निर्वासितांच्या छावणीतल्या दवाखान्यात नोंदी पहिल्यापासून होत्या. त्या रुग्णासाठी नव्हत्या, एवढेच. जुलै १९९४ मध्ये रवांडातून पाच ते आठ लाख माणसे अवघ्या काही दिवसांत तेव्हाच्या झाइरमधील (आजच्या काँगोतील) गोमा परिसरात येऊन थडकली. पहिल्या महिन्याभरातच त्यांतली सुमारे ५०,००० दगावली, बहुतेक पटकीने आणि हगवणीने. अशा वेळी डॉक्टरला आजचे दाखल किती, मृत्यू किती आणि उद्या सलाइन किती लागेल, एवढेच कळायला हवे असते. म्हणून नोंद म्हणजे टॅली शीट: आजाराच्या नावापुढे रेघा मारायच्या, पाच वर्षांखालची मुले वेगळी मोजायची आणि आठवड्याअखेर बेरीज वर पाठवायची. रुग्णाचे नाव रजिस्टरमध्ये फार तर एका ओळीपुरते.

गोमाच्या धक्क्यानंतर मदतसंस्थांनी १९९७ मध्ये स्फिअर प्रकल्प हाती घेऊन मदतकार्याची किमान मानके ठरवायला घेतली. संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने २००० नंतरच्या दशकात आफ्रिकेतल्या छावण्यांपासून सुरुवात करून आरोग्य माहितीची एकसारखी पद्धत लावली आणि पुढे ती ऑनलाइन नेली. काम मोलाचे होते. साथ कुठे डोके वर काढते आहे, हे त्यामुळे लवकर कळू लागले. पण संगणक आला तरी त्यात भरल्या गेल्या त्या रेघाच. मागच्या महिन्यात येऊन गेलेला माणूस या महिन्यात पुन्हा आला, तर त्याला ओळखणारे काही त्या तक्त्यात नव्हते.

बदल घडवला तो तंत्रज्ञानापेक्षा मधुमेहाने, असे माझे मत आहे. २००३ नंतर इराकमधून आणि २०११ नंतर सीरियातून बाहेर पडलेली बरीच माणसे मध्यम उत्पन्नाच्या, रुग्णालये आणि औषध दुकाने असलेल्या शहरांतली होती. त्यांना पटकी झाली नव्हती. रक्तदाब होता, साखर होती, कोणाला डायलिसिस चालू होते. लेबनॉन आणि जॉर्डनमध्ये त्यांतले बहुतेक छावणीबाहेर, भाड्याच्या खोल्यांत विखुरले. पटकीचा रुग्ण आठवड्यात एक तर बरा होतो किंवा जातो. मधुमेहाचा रुग्ण वीस वर्षे येत राहतो आणि प्रत्येक वेळी मागची साखर, मागचा डोस, मागची पायाची जखम यांची माहिती लागते. रेघांच्या तक्त्यात ती मावणे शक्यच नव्हते.

ही अडचण सगळ्यांत आधी जिला भेडसावली, ती संस्था म्हणजे पॅलेस्टिनी निर्वासितांसाठी डिसेंबर १९४९ मध्ये स्थापन झालेली आणि मे १९५० पासून काम करणारी अन्रवा. तात्पुरती म्हणून काढलेली ही संस्था आता निर्वासितांच्या नातवंडा-पतवंडांना तपासते. तिच्या दवाखान्यांत जाड फाइली आणि हाताने भरलेली उपचार कार्डे होती. २००९ पासून तिने स्वतःची ई-हेल्थ प्रणाली बसवायला सुरुवात केली. अम्मानच्या नुझा दवाखान्यात उच्च रक्तदाब आणि मधुमेहाच्या रुग्णांसाठी एक पद्धत वापरून पाहिली गेली, ती मुळात क्षयरोग नियंत्रणातली: एका तिमाहीत नोंदलेल्या रुग्णांचा गट धरायचा आणि वर्षभराने त्यातले किती उपचारात आहेत, किती उपचार सोडून गेले, किती दगावले, हे पाहायचे.

यातली खरी करामत न आलेल्यांची मोजणी ही होती. कागदी रजिस्टरात आलेला माणूसच दिसतो. फेरतपासणीला न आलेला माणूस शोधायचा तर हजारो कार्डे हाताने चाळावी लागतात, आणि सकाळी रांग लागलेल्या दवाखान्यात तेवढी उसंत कोणाला नसते. संगणक ती यादी क्षणात काढून देतो. त्या यादीतल्या माणसाच्या घरी जायला कोणी आहे का, हा पुढचा प्रश्न. तो कुठलेही सॉफ्टवेअर सोडवत नाही.

साधने मात्र दुसरीकडून आली. ओपनएमआरएस हे रुग्णनोंदींचे मुक्त सॉफ्टवेअर २००४ मध्ये आकाराला आले ते पूर्व आफ्रिकेतल्या एचआयव्ही उपचारांच्या गरजेतून. तो आजारही आयुष्यभर चालणारा. ओपनएमआरएसच्या पायावर उभी राहिलेली बाह्मनी प्रणाली छत्तीसगढमधल्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोग रुग्णालयात घडली आणि पुढे ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ या वैद्यकीय मदतसंस्थेने ती अम्मानमधल्या आपल्या पुनर्रचना शस्त्रक्रिया रुग्णालयात वापरली. तिथे इराक, सीरिया, येमेन इथल्या युद्धांतले जखमी येतात आणि एकेकावर अनेक शस्त्रक्रिया होतात. पश्चिम आफ्रिकेतल्या २०१४ च्या इबोला साथीनेही हातभार लावला: संसर्गाच्या कक्षातून कागद बाहेर नेता येईना, तेव्हा क्लोरीनने धुता येणारे टॅबलेट बनवले गेले.

वीज आणि नेटवर्क यांचा भरवसा नसल्याने नोंद आधी टॅबलेटवरच साठवायची आणि संपर्क मिळाला की सर्व्हरशी जुळवून घ्यायची, ही रचना रूढ झाली. त्यापेक्षा अवघड निघाली ती ओळख. एकच अरबी नाव रोमन लिपीत चार प्रकारे लिहिले जाते आणि जन्मतारीख माहीत नसलेल्या हजारोंच्या कागदांवर १ जानेवारी असते. दोन माणसांची नोंद एकत्र झाली, तर चुकीचे औषध जाऊ शकते.

मग नोंद रुग्णाकडेच का देऊ नये? कल्पना जुनी आहे. नायजेरियात काम करणाऱ्या डेव्हिड मॉर्ली या बालरोगतज्ज्ञांनी मुलाच्या वाढीचे कार्ड आईच्या हाती दिले होते. २०१५ मध्ये दहा लाखांहून अधिक माणसे समुद्रमार्गे युरोपात आली, तेव्हा आंतरराष्ट्रीय स्थलांतर संघटना आणि युरोपीय आयोगाने वैयक्तिक आरोग्य नोंदीचा एक नमुना काढला. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठाने २०१८ मध्ये सुरू केलेल्या ‘सिजिल्ली’ उपक्रमात सीरियन निर्वासितांची नोंद क्लाउडवर ठेवून तिची प्रत पेन ड्राइव्हवर त्यांना दिली गेली.

गोळा केलेली माहिती कोणाच्या हाती पडेल, ही भीती काल्पनिक नाही. २०२१ मध्ये ह्यूमन राइट्स वॉच या मानवी हक्क संघटनेने आरोप केला की, निर्वासित उच्चायुक्त कार्यालयाने गोळा केलेली बांगलादेशातल्या रोहिंग्यांची नोंदणीची माहिती त्यांच्या खऱ्याखुऱ्या संमतीविना बांगलादेशमार्गे म्यानमारपर्यंत गेली, म्हणजे ज्या सरकारपासून ते पळाले होते त्याच्याच हाती. उच्चायुक्त कार्यालयाने संमती घेतली होती असे सांगितले. जानेवारी २०२२ मध्ये रेड क्रॉसच्या आंतरराष्ट्रीय समितीच्या सर्व्हरवर सायबर हल्ला झाला आणि ५,१५,००० हून अधिक असुरक्षित माणसांची माहिती उघडी पडली. या दोन्ही ठिकाणी वैद्यकीय केसपेपर नव्हते. ते असते तर कोणाला एचआयव्ही आहे, कोणावर बलात्कार झाला, कोणाला गोळीची जखम आहे, हेही गेले असते. म्हणून काही दवाखाने आता लैंगिक अत्याचाराची नोंद मुख्य फाइलपासून वेगळी ठेवतात. तसे केले की, पुढच्या डॉक्टरला ती दिसत नाही.