खाजकुइलीच्या बीतला लेव्होडोपा

‘कंपवातावर कवचबीज चूर्ण घ्या, नैसर्गिक आहे, साइड इफेक्ट अजिबात नाहीत’ असा एक मेसेज व्हॉट्सअॅपवर सारखा फिरत असतो. कवचबीज म्हणजे खाजकुइलीची बी. तिच्यात कंपवातावरचं, म्हणजे पार्किन्सनवरचं औषध, लेव्होडोपा, आहे हे अगदी खरं, पण म्हणूनच मेसेजचा उरलेला भाग मला घातक वाटतो.

खाजकुइली सह्याद्रीत सगळीकडे सापडते. पावसाळ्यात झाडाझुडपांवर चढते, पुढे जांभळी फुलं येतात आणि मग तपकिरी लव असलेल्या शेंगा. त्या लवेत प्रथिनं तोडणारं एक विकर (एन्झाइम) असतं, त्यानेच अंगाची आग होते. बी मात्र गुळगुळीत, आणि तिच्या वजनाच्या साधारण 4 ते 6 टक्के लेव्होडोपा असतो. दामोदरन आणि रामस्वामी यांनी 1937 साली तो या बियांतून वेगळा काढला.

पार्किन्सनमध्ये मेंदूतल्या डोपामाइन (हालचालींसाठी लागणारं संदेशवाहक रसायन) बनवणाऱ्या पेशी मरत जातात. मग डोपामाइनच का देत नाहीत? कारण रक्तातून मेंदूत जाण्याच्या वाटेवर पेशींची घट्ट भिंत आहे आणि डोपामाइन तिच्यातून जात नाही. लेव्होडोपा जातो, कारण तो अमिनो आम्ल आहे आणि टायरोसिनसारख्या अमिनो आम्लांना आत नेणारं वाहक प्रथिन त्यालाही उचलून नेतं. आत डीकार्बॉक्सिलेज हे विकर त्याचा एक कार्बॉक्सिल गट काढतं आणि डोपामाइन तयार होतं. गंमत अशी, की हेच विकर आतड्यात आणि यकृतातही असतं. त्यामुळे बराचसा लेव्होडोपा वाटेतच डोपामाइन होतो, मेंदूपर्यंत पोचत नाही, वर मळमळ होते आणि रक्तदाब उतरतो. म्हणून लेव्होडोपाच्या गोळीत कार्बिडोपा घालतात. तो या विकराला अडवतो, पण स्वतः ती भिंत ओलांडू शकत नाही, म्हणजे मेंदूतलं विकर मोकळंच राहतं! औषधशास्त्रात इतकी देखणी युक्ती मला दुसरी माहीत नाही. डाळ, मासे, पनीर यांतली अमिनो आम्लंही त्याच वाहकावर हक्क सांगतात, म्हणून गोळी जेवणाआधी घ्यायला सांगतात.

या कथेत मुंबईही आहे. डॉ. रुस्तम जाल वकील यांनी 1949 साली सर्पगंधा या वनस्पतीचा रक्तदाबावरचा उपयोग जगापुढे मांडला. त्याच सर्पगंधेतलं रेसर्पिन मेंदूतलं डोपामाइन संपवतं; ते देऊन निपचित पडलेले ससे 1957 साली स्वीडनचे शास्त्रज्ञ अर्विद कार्लसन यांनी डोपा (ज्यापासून डोपामाइन बनतं ते रसायन) टोचून पुन्हा हिंडते केले. डॉ. अशोक वैद्य आणि सहकाऱ्यांनी 1978 साली खाजकुइलीची बी थेट पार्किन्सनच्या रुग्णांना देऊन पाहिली.

लंडनला 2004 साली 8 रुग्णांवर चूर्ण आणि गोळी यांची तुलना झाली. 30 ग्रॅम चूर्णाचा परिणाम गोळीपेक्षा लवकर दिसला आणि जास्त वेळ टिकला. पण त्या चूर्णात 1000 मिलीग्रॅम लेव्होडोपा होता आणि गोळीत 200, सोबत कार्बिडोपा. चाचणी छोटी होती, पण चांगली होती.

बाजारातल्या पुडीत किती लेव्होडोपा आहे हे मात्र पुडीवर सहसा लिहिलेलं नसतं, आणि ‘ताकदीसाठी’ म्हणूनही ती सर्रास खपते. गोळी चालू असताना वर चूर्ण घेतलं तर एकाच औषधाचा डोस वाढतो. हातपाय आपोआप वळवळू लागतात, भास होतात. नैराश्यावरची काही जुनी औषधं चालू असतील तर रक्तदाब धोकादायक पातळीवर चढू शकतो. घरात कुणी असं चूर्ण घेत असेल तर ती डबी न्यूरोलॉजिस्टकडे घेऊन जा, आणि चालू गोळी स्वतःच्या मनाने बंद करू नका.