रोजगार-पोहोच मापन

शहरात अमुक ठिकाणी राहणाऱ्या माणसाला ठरावीक वेळात, ठरावीक साधनाने किती नोकऱ्यांपर्यंत जाता येतं ते आकड्यात मांडायची पद्धत. गाड्या नुसत्या किती जोरात पळतात ते ती मोजत नाही.

सुरुवात कोणापासून धरायची यावर एकमत नाही. बहुतेक जण वॉल्टर हॅन्सनच्या १९५९ च्या लेखाकडे बोट दाखवतात, शहरनियोजनापुरतं ते ठीकही आहे, पण मूळ कल्पना त्याआधीची दिसते: साधारण १९४० च्या दशकात जॉन स्ट्युअर्ट या भौतिकशास्त्रज्ञाने गुरुत्वाकर्षणाच्या धर्तीवर लोकसंख्येचं 'विभव' (एखाद्या ठिकाणी आजूबाजूच्या सगळ्या लोकसंख्येचा, अंतर वाढेल तसा कमी होणारा, एकूण प्रभाव) मांडलं आणि १९५४ मध्ये चॉन्सी हॅरिसने तेच बाजारपेठेला लावलं. हॅन्सनच्या रीतीने प्रत्येक भागातल्या नोकऱ्यांना तिथवरच्या प्रवासवेळेच्या घाताने भागायचं आणि सगळ्याची बेरीज करायची. खरी मारामारी घातांकाची. १ घेतला तर २० मिनिटांवरची नोकरी ४० मिनिटांवरच्या दुप्पट वजनाची, २ घेतला तर चौपट, आणि वेळ शून्याजवळ गेली की सूत्र नुसतं फुगत जातं. म्हणून पुढे बऱ्याच जणांनी घातांकी घट (दर मिनिटाला वजन ठरावीक टक्क्याने कमी होत जाणं) वापरली, ती जास्त पटते. घटीचा वेग मात्र त्याच शहरातल्या प्रवासावरून काढावा, परगावचा उचलू नये.

वॉक्स आणि कुमागाई यांची (१९७३) पद्धत सोपी: ३०, ४५ किंवा ६० मिनिटांत किती नोकऱ्या येतात ते मोजायचं. कोणालाही समजते, पण ६० मिनिटांची मर्यादा धरली आणि पुण्यात कात्रजहून हिंजवडी ५९ मिनिटांत आली तर अख्खं आयटी पार्क जमा, ६१ लागली तर शून्य, आणि वाकडच्या पुलाखाली दोन मिनिटं म्हणजे काय ते पुणेकरांना सांगायला नको. त्याच नोकरीवर आणखी किती जणांचा डोळा आहे ते शेन यांनी १९९८ मध्ये हिशोबात घेतलं. दाटीच्या शहरात हेच जास्त उपयोगी वाटतं.

बसने मोजताना स्टॉपपर्यंत चालणं, थांबणं, बसमधला वेळ, बदली, परत चालणं असं सगळं धरतात. थांबण्यासाठी दोन बसमधल्या अंतराचा निम्मा वेळ, म्हणजे पीएमपी (पुण्याची शहर बस) दर २० मिनिटांनी असेल तर १० मिनिटं (दोन एकदम आल्या की हे गणित कोलमडतं).

या मोजणीला लागणारी माहिती मिळवणं हीही अडचणच: २०११ च्या जनगणनेत कामाचं अंतर आणि साधन विचारलं होतं, वेळ नाही. नोकऱ्यांसाठी आर्थिक गणनेचा (सहावी, २०१३-१४) आधार घेता येतो, पण ती आस्थापना (दुकान, कारखाना, कार्यालय) मोजते. भोसरी-चाकणचे कारखाने त्यात नीट बसतात, औंध-बाणेरच्या सोसायट्यांत चार घरची कामं धरलेल्या बाईंचं काम अशा मोजणीत बसवणं अवघड. मजूर अड्ड्यावरच्या गवंड्याची साइट रोज बदलते, त्यामुळे त्याचा हिशोब अड्ड्यापर्यंतच करता येतो.