मानेकी-नेको : मूर्तीचे साहित्य आणि त्याची निवड

मानेकी-नेको : एक पंजा उचलून बसलेल्या मांजराची जपानी शुभमूर्ती. ‘मानेकु’ म्हणजे हाताने खुणावून बोलावणे आणि ‘नेको’ म्हणजे मांजर. तळवा समोर, बोटे खाली झुकलेली, अशा हाताने जपानी माणूस ‘इकडे या’ म्हणतो. आपणही साधारण तसेच बोलावतो, त्यामुळे मराठी माणसाला या मूर्तीचा हावभाव वेगळा समजावून सांगावा लागत नाही. डावा पंजा गिऱ्हाइकाला बोलावतो, उजवा पैशाला, असा सर्वसाधारण समज आहे. रंगांनाही अर्थ आहेत : काळे मांजर अरिष्ट टाळणारे, तांबडे आजार दूर ठेवणारे, सोनेरी धनाचे. पांढऱ्यावर काळे-नारिंगी ठिपके असलेले तिरंगी मांजर सर्वांत परिचित.

मूर्ती कशाची असावी याचे उत्तर मात्र शकुनात शोधू नये. अमुक दिशेला धातूचे मांजर, तमुक दिशेला मातीचे, हा सल्ला फेंगशुईच्या दिशा-तत्त्वांच्या हिशेबातून आला आहे. जपानमधील मूर्तींच्या साहित्याचे वैविध्य त्या त्या गावच्या मातीतून आणि धंद्यातून निर्माण झाले. म्हणून निवड करताना दोनच गोष्टी पाहाव्यात : मूर्ती कुठे बसणार, आणि ती कोणत्या गावच्या हाताने घडली.

सर्वांत जुना धागा भाजलेल्या साध्या मातीचा. एदो (आजचे टोकियो) शहराच्या आसाकुसा भागात 1852 साली अशी मांजरे विकली जात होती. त्याच वर्षीच्या, चित्रकार हिरोशिगेच्या एका रंगीत छापचित्रात त्यांचे दुकान दिसते. त्या काळच्या नोंदीतील कथा अशी : गरिबीपायी एका म्हातारीला आपले मांजर सोडून द्यावे लागले, ते तिच्या स्वप्नात आले आणि ‘माझी मूर्ती घडव’ म्हणाले. तिने जवळच्या इमादोच्या भट्टीत तशी मूर्ती करवून घेतली आणि तिचे दिवस पालटले. इमादो हे सुमिदा नदीकाठचे कुंभारांचे ठिकाण. कौले आणि मातीच्या बाहुल्या ही तिथली नेहमीची कामे. साच्याच्या दोन भागांत माती दाबायची, दोन्ही अर्ध्या सांधायच्या, मंद आचेवर भाजायच्या, वर शिंपल्यांच्या पुडीचा सरसात कालवलेला पांढरा लेप (गोफुन) द्यायचा आणि मग रंगकाम. क्योटोच्या फुशिमी भागातील बाहुल्यांची रीतही हीच. पेणच्या कारखान्यात शाडूच्या गणपतीची डोळ्यांची आखणी ज्याने पाहिली आहे, त्याला हे काम ओळखीचे वाटेल. फरक इतकाच की शाडूची मूर्ती कच्ची राहते आणि ही भट्टीतून निघते.

या मूर्तीवर काचेसारखी झिलई नसते. हाताला ती किंचित खरखरीत लागते, आणि पांढरा रंग खडूसारखा मंद दिसतो. मला स्वतःला ही मांजरे सर्वांत जिवंत वाटतात, कारण प्रत्येकीच्या मिशीची रेघ वेगळी पडलेली असते. पण ओल्या फडक्याने पुसली तर सरसाचा लेप सुटतो आणि रंग फडक्यावर येतो. कोरडा मऊ कुंचला, आणि हात न लागणारी फळी : तिला एवढेच मानवते.

आज बाजारात दिसणारे गुबगुबीत, मोठ्या डोळ्यांचे, छातीशी सोन्याची मोहर धरलेले मांजर आइची प्रांतातील तोकोनामे गावचे. जपानच्या सहा प्राचीन भट्ट्यांपैकी हे एक. मोठे डोके आणि आखूड धड ही घडण तिथे दुसऱ्या महायुद्धानंतर रूढ झाली. मोहरेवर बहुधा ‘सेनमान र्‍यो’ म्हणजे एक कोटी र्‍यो असे लिहिलेले असते. र्‍यो हे जुन्या सोन्याच्या नाण्याचे माप. गावातील एका रस्त्याच्या भिंतीवर स्थानिक कलाकारांनी केलेली 39 मांजरे बसवली आहेत आणि वरून ‘तोकोन्यान’ नावाचे 3.8 मीटर उंच, 6.3 मीटर रुंद मांजराचे डोके गावाकडे पाहते.

त्याच प्रांतातील सेतो हे गाव चिनी मातीचे. काटो तामिकिची याने क्यूशू बेटावर जाऊन चिनी मातीचे तंत्र शिकून 1807 मध्ये ते गावी आणले. पुढे प्लास्टरच्या साच्यात पाण्यात पातळ कालवलेली माती ओतून मूर्ती काढण्याची पद्धत रुळली. कोरडे प्लास्टर त्या मातीतील पाणी शोषून घेते, कडेला मातीचा थर धरतो, उरलेली पातळ माती ओतून टाकली की पोकळ मांजर उरते. म्हणूनच बुडाशी एक भोक असते. भाजताना आतली हवा आणि वाफ तिथून निघते. सेतोचे मांजर सडपातळ, किंचित पाठ वाकलेले. सेतोमध्ये या मूर्तींचे एक संग्रहालयही आहे.

चिनी मातीची मूर्ती ओळखायला माठ घेतानाची युक्ती चालते : टिचकी मारावी. चांगली भाजलेली चिनी माती खणखणते, साधी माती मंद ‘टप्’ करते, आणि बारीक तडा असेल तर आवाज फुटका येतो. दोन्ही कुशींवरून उतरणारी साच्याची शिवण बोटाने चाचपावी. ती नीट घासलेली असेल तर कारागिराने घाई केलेली नाही. झिलईची मूर्ती पाण्याने पुसता येते. दुकानाच्या गल्ल्याजवळ किंवा स्वयंपाकघरात, जिथे धूळ आणि तेलाचा वाफारा असतो, तिथे हीच ठेवावी.

इशिकावा प्रांतातील कुतानी मांजरे झिलईवर पुन्हा रंग चढवून सजवतात. दाट रंगाचे उठावदार ठिपके आणि सोन्याच्या रेषा कमी आचेवर वेगळ्या भाजून पक्क्या करतात. ती देखणी आणि महाग. घासणीने घासल्यास सोने जाते.

कागदी लगद्याची (हारिको) मांजरे गुन्मा प्रांतातील ताकासाकीची. हे गाव दारुमा (बोधिधर्माच्या गोलमटोल शुभमूर्ती) बाहुल्यांसाठी प्रसिद्ध. जुन्या पद्धतीत लाकडी साच्यावर ओला कागद थरांनी चिकटवतात, वाळल्यावर चिरून साचा काढतात, चीर सांधतात आणि वर गोफुनचा लेप देतात. या प्रांतात रेशीमकिड्यांचे पालन मोठे. 1872 साली सुरू झालेली तोमिओकाची रेशीम गिरणी इथलीच. उंदीर किडे आणि कोष फस्त करतात, म्हणून शेतकऱ्याच्या घरात मांजराला मान होता. नित्ता भागातील इवामात्सु घराण्याचे प्रमुख उंदरांपासून रक्षणासाठी मांजरांची चित्रे काढून देत आणि लोक ती घरात लावत. कागदी मांजराला मागणी आली ती या पार्श्वभूमीवर. ते हातात घेतले की दचकायला होते, इतके हलके असते. पडले तरी फुटत नाही. मात्र दमट हवा त्याचा शत्रू. कोकणात किंवा मुंबईत राहणाऱ्याने ते घ्यायचे असेल तर पावसाळ्यात भिंतीपासून दूर, वारा खेळणाऱ्या जागी ठेवावे, नाहीतर बुरशी आधी बुडाला धरते.

लाकडी आणि ओतीव लोखंडी मांजरेही मिळतात. लोखंडी मूर्ती जड व टिकाऊ. दमट हवेत गंज येऊ नये म्हणून तिला कोरडे ठेवावे लागते.

आपल्याकडे भेटवस्तूंच्या दुकानात ‘लकी कॅट’ म्हणून दिसते ते बहुधा रेझिनचे किंवा पंजा हलवणारे प्लास्टिकचे सोनेरी मांजर, बरेचदा चिनी बनावटीचे. पंजा एका लोलकाला जोडलेला असतो आणि लोलकाच्या टोकाला चुंबक. सौरपट्टीवरील विजेने तारेच्या वेटोळ्यात क्षणभर प्रवाह गेला की चुंबकाला हलका धक्का बसतो. कपाटाच्या अंधाऱ्या कोपऱ्यात हे मांजर थांबते, म्हणून ते खिडकीपाशी किंवा दिव्याखाली ठेवावे. मांजर आडवे गेले की पाऊलभर थांबणाऱ्या आपल्या समाजात ते दुकानाच्या गल्ल्यावर जाऊन बसले आहे, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे.

टोकियोच्या सेतागाया भागातील गोतोकुजी मंदिरातील मांजरे मात्र साधी पांढरी, उजवा पंजा वर केलेली आणि हातात मोहर नसलेली. हिकोनेचा सरदार ई नाओताका याला मंदिराच्या मांजराने पंजाने आत बोलावले आणि तो विजेच्या वादळातून वाचला, अशी इथली कथा. मांजर संधी देते, धन ज्याने त्याने मिळवायचे, म्हणून मोहर नाही असे सांगतात. नवस फळला की भाविक आपली मूर्ती आणून मंदिराच्या आवारातील फळ्यांवर ठेवतात. लहानमोठी शेकडो पांढरी मांजरे तिथे उघड्यावर दाटीने बसलेली असतात, आणि पाऊस आला की सगळी एकदम धुऊन निघतात.