मलमाच्या वासाचं पेय

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुट्टीत बहिणीची मुलगी न्यू जर्सीहून पुण्याला आली होती. रात्री आईने नेहमीसारखं गुडघ्याला मलम चोळायला घेतलं, तर बाहेरच्या खोलीतून भाचीचा आवाज आला, "आजी, तू रूट बिअर पितेस? मला पण दे ना!" आईला त्यातलं ‘बिअर’ तेवढं ऐकू आलं. अकरा वर्षांची नात बिअर मागते म्हटल्यावर अमेरिकेत फोन लावण्यापर्यंत मजल गेली.

पण पोरीचं नाक चुकलं नव्हतं. रूट बिअर म्हणजे अमेरिकेतलं तपकिरी रंगाचं, गोड, फेसाळ थंड पेय. दुकानात मिळणाऱ्या रूट बिअरमध्ये सहसा दारूचा थेंबही नसतो. तिच्या चवीतला एक मोठा वाटा विंटरग्रीन नावाच्या झुडपाचा, आणि या झुडपाच्या तेलात जवळजवळ सगळं मिथाइल सॅलिसिलेटच असतं. हेच रसायन आपल्याकडच्या सांधेदुखीच्या मलमांत असतं. डबीवर बारीक अक्षरात ‘गंधपुरा तेल’ लिहिलेलं दिसेल. गंधपुरा म्हणजे विंटरग्रीनचीच भारतीय बहीण. निलगिरीच्या डोंगरांत ती उगवते. त्यामुळे मराठी माणूस अमेरिकेत पहिल्यांदा रूट बिअर पितो तेव्हा बहुतेकदा दुसरा घोट घेत नाही. हे फक्त आपलंच नाही. वासांच्या आवडीनिवडीच्या जुन्या चाचण्यांत ब्रिटिशांनी विंटरग्रीनला अगदी तळाशी टाकलं होतं, आणि अमेरिकनांनी वरच्या रांगेत बसवलं होतं. एका देशात तो वास दुखऱ्या पाठीचा, दुसऱ्यात च्युइंग गमचा.

भाची परत गेली, पण ‘आपण घरी करून बघू’ हे खूळ माझ्या डोक्यात राहिलं. त्यात नवीन काहीच नव्हतं. रूट बिअर मुळात घरीच करायची गोष्ट होती. जंगलातली मुळं, साली, पानं उकळायची, गोड करायची, थोडं यीस्ट घालून बाटलीत भरायची. फिलाडेल्फियाचा औषधविक्रेता चार्ल्स हायर्स याने तिचा धंदा केला. मधुचंद्राला न्यू जर्सीत गेला असताना तिथल्या एका शेतघरात त्याला असा काढा प्यायला मिळाला, असं सांगतात. १८७६ साली फिलाडेल्फियाला जे मोठं प्रदर्शन भरलं, त्यात त्याने आपलं पेय लोकांसमोर आणलं. तो विकायचा ती सुकी पुडी. २५ सेंटच्या एका पुडीत ५ गॅलन, म्हणजे जवळपास १९ लिटर पेय घरी तयार व्हायचं. हायर्स स्वतः दारूच्या कट्टर विरोधात. त्याला नाव ठेवायचं होतं ‘रूट टी’. पण पेनसिल्वेनियाचे खाणकामगार चहा कशाला पितील, असं एका मित्राने सुचवलं म्हणून ‘बिअर’ झालं, अशी कथा आहे. हे नाव पुढे त्याच्या अंगाशी आलं. १८९० च्या दशकात दारूबंदीवाल्या महिला संघटनेने त्याच्या पेयावर बहिष्कार घातला. शेवटी प्रयोगशाळेत तपासणी झाली आणि निष्कर्ष निघाला की एका बाटलीत जेवढं अल्कोहोल आहे तेवढं अर्ध्या पावातही असतं.

जुन्या रूट बिअरचा खरा आत्मा विंटरग्रीन नव्हे, सॅसॅफ्रास. पूर्व अमेरिकेतलं हे झाड आपल्या दालचिनी-तमालपत्राच्या कुळातलं. त्याच्या मुळांच्या सालीतल्या तेलात मुख्यतः सॅफ्रोल असतं. उंदरांना ते भरपूर खाऊ घातल्यावर यकृतात गाठी झाल्या, म्हणून १९६० मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत सॅफ्रोल घालायला बंदी केली. तेव्हापासून बाजारातली रूट बिअर सॅफ्रोल काढून टाकलेल्या अर्कावर किंवा कृत्रिम स्वादावर चालते. आता घाबरून श्रीखंडातलं जायफळ काढू नका. सॅफ्रोल जायफळातही असतं, मिऱ्यातही असतं, पण किसणीवर दोनदा फिरवलेल्या जायफळातून जाणारी मात्रा अगदी किरकोळ.

आता पुण्यात सॅसॅफ्रास कुठून आणायचं? आणि का आणायचं? मी गेले काष्ठौषधींच्या दुकानात आणि उपळसरी मागितली. दुकानदाराने विचारलं, "अनंतमूळ ना?" तेच ते. बोटभर जाडीच्या आतली, वाकडीतिकडी, तपकिरी मुळं. ती कुटताना जो वास सुटतो तो पहिल्यांदा व्हॅनिलाचा वाटतो, मग बदामाचा, आणि मग मागून हळूच मलमाचा. दक्षिणेत याच मुळांचं ‘नन्नारी’ सरबत उन्हाळ्यात गाड्यांवर मिळतं. हे मूळ मी निवडलं ते वासासाठी. त्यामागचं रसायनशास्त्र नंतर वाचलं आणि थक्क झाले.

मलमातलं मिथाइल सॅलिसिलेट, आइस्क्रीममधलं व्हॅनिलिन आणि उपळसरीतला मुख्य सुगंधी घटक, या तिन्हींच्या रेणूंत अणू मोजले तर ते एकसारखेच निघतात: कार्बनचे ८, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचे ३. एकूण १९. तिघांचं वजनही तेच. फरक आहे तो मांडणीत. कार्बनच्या सहा अणूंचं एक कडं असतं. ते सहा खुंट्यांचं गोल खुंटाळं समजा. व्हॅनिलिनमध्ये त्यावर तीन पिशव्या टांगलेल्या आहेत. उपळसरीच्या रेणूत पिशव्या त्याच तीन, फक्त खुंट्या बदलल्या. मिथाइल सॅलिसिलेटमध्ये सामान तेच, पण दोनच पिशव्यांत भरलेलं, आणि त्या शेजारशेजारच्या खुंट्यांवर. आपलं नाक एवढ्या फरकावर व्हॅनिला आइस्क्रीम आणि आजोबांची कंबर वेगळी ओळखतं.

खुंट्या बदलल्याचा स्वयंपाकघरातही परिणाम होतो. उपळसरीच्या रेणूत दोन गट शेजारी आल्यामुळे ते एकमेकांनाच धरून बसतात, पाण्याला आणि शेजारच्या रेणूंना कमी चिकटतात. म्हणून हा रेणू व्हॅनिलिनपेक्षा पटकन उडतो, वाफेबरोबर निघून जातो. मुळं उघड्या पातेल्यात अर्धा तास खळखळ उकळली तर सगळ्या घराला छान वास येईल आणि काढ्यात काही उरणार नाही. पहिल्या वेळी मी नेमकं तेच केलं.

बाटलीतून विकत मिळणारं विंटरग्रीनचं किंवा गंधपुऱ्याचं तेल मात्र स्वादासाठी घालू नका. कारखाने ते कणाकणाने मोजून घालतात. घरच्या चमच्याला ते जमत नाही. चहाच्या एका चमच्याएवढं, म्हणजे ५ मिलिलिटर शुद्ध तेल हे जवळपास ७ ग्रॅम ॲस्पिरिनच्या बरोबरीचं आहे. ३२५ मिलिग्रॅमच्या वीसपेक्षा जास्त गोळ्या झाल्या. लहान मुलाच्या जिवावर बेतायला एवढं पुरे.

अमेरिकन रूट बिअरमध्ये सार्सापरिला नावाचं आणखी एक मूळ असायचं. उपळसरीला इंग्रज ‘इंडियन सार्सापरिला’ म्हणायचे, पण नात्याने दोघांचा काही संबंध नाही. खऱ्या सार्सापरिलाची सख्खी नातेवाईक म्हणजे आपल्या सह्याद्रीत काट्यांनी कपडे धरणारी घोटवेल. गंमत अशी की दोन्ही मुळं जगाच्या दोन टोकांना ‘रक्त शुद्ध करणारी’ म्हणून विकली गेली. माझ्या मते रक्त गाळायला मूत्रपिंडं समर्थ आहेत. उपळसरी वासासाठी घ्यावी.

तर माझी कृती. एक लिटर पाण्याला ३० ग्रॅम मुळं. ती कुटून आतला पांढरा लाकडी गाभा टाकून द्यायचा, कारण वास सालीत असतो. पाणी उकळून गॅस बंद करायचा, मग त्यात साल, आल्याचा ठेचलेला तुकडा आणि चक्रीफुलाची एक पाकळी टाकून घट्ट झाकण ठेवायचं, रात्रभर. सकाळी फडक्यातून गाळायचं. गोडीला १०० ग्रॅमच्या आसपास साखर, त्यातली निम्मी काढून काकवी. अमेरिकन कृतींत इथे मोलॅसिस असतं, आणि लोक त्याला सर्रास काकवी म्हणतात. ते बरोबर नाही. मोलॅसिस म्हणजे साखर काढून घेतल्यावर उरलेली मळी, आणि काकवी म्हणजे गूळ व्हायच्या आधी कढईतून उतरवलेला रस. पण इथे काकवीच सरस. वर अर्धं लिंबू. मिश्रण कोमट झालं की चिमूटभर, अक्षरशः चिमूटभर, बेकरीचं इन्स्टंट यीस्ट. कोल्ड्रिंकच्या धुतलेल्या प्लास्टिकच्या बाटलीत वर दोन बोटं जागा सोडून भरायचं. काचेची बाटली अजिबात नको. का, ते आता येतंय.

यीस्ट साखर खातं आणि अल्कोहोल व कार्बन डायऑक्साइड बाहेर टाकतं. हिशेब सरळ आहे: १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम अल्कोहोल आणि ८८ ग्रॅम वायू. म्हणजे ढोबळमानाने निम्मं-निम्मं. एक लिटर पेय चांगलं झणझणीत व्हायला साधारण ६ ग्रॅम वायू लागतो. त्यासाठी यीस्टने फक्त १२ ग्रॅम साखर खाल्ली तरी पुरे. तेवढ्यात अल्कोहोलही सहा ग्रॅमच होतं, अर्धा ते पाऊण टक्का. बाकीची साखर आपल्या जिभेसाठी शिल्लक. थोडक्यात, यीस्टला पंगतीला बसवायचं आणि दुसऱ्या घासालाच ताटावरून उठवायचं. उठवलं नाही तर? सगळी १०० ग्रॅम साखर फस्त झाली तर ५० ग्रॅम वायू तयार होतो. मोकळ्या हवेत तो २५ लिटर जागा घेईल. तो एका लिटरच्या बाटलीत कोंडलेला! काच अशा वेळी नुसती फुटत नाही, तिचे तुकडे उडतात.

मी वाचलेल्या कृतीत ‘दोन ते चार दिवस खोलीत ठेवा’ असं होतं. ती खोली अमेरिकेतली, वीस-एकवीस अंशांची. माझी खोली मे महिन्यातली, आणि बाटली ठेवली होती फ्रीजच्या डोक्यावर, जिथे आणखी उबारा असतो. दीड दिवसाने आठवण झाली तेव्हा बाटलीचा तळ बाहेर फुगून ती उभी राहीना. शहाणपण असतं तर मी ती जाड टॉवेलात गुंडाळून फ्रीजमध्ये ठेवली असती. मी ती मोरीत नेऊन उघडली. छतावरचे तपकिरी ठिपके अजून आहेत.

थंड करण्याचे दोन फायदे असतात. एक, यीस्ट सुस्तावतं. दुसरा, थंड पाण्यात कार्बन डायऑक्साइड जास्त विरघळतो. तेवढाच ६ ग्रॅम वायू तीस अंशांना बाटलीत भोवतालच्या हवेच्या चौपटीहून जास्त दाब धरून बसतो. फ्रीजमध्ये तोच दाब दुपटीच्या आसपास उतरतो. म्हणून गरम सोडा उघडला की अंगावर येतो. बाटली तयार झाली की नाही हे कळायला मोजमाप लागत नाही. रोज सकाळ-संध्याकाळ अंगठ्याने दाबून बघायचं. दाबली न जाता नव्या कोल्ड्रिंकच्या बाटलीसारखी कडक लागली की त्याच क्षणी फ्रीजमध्ये. पुण्याच्या उन्हाळ्यात मला दहा-बारा तास पुरले.

आणि ती जिभेवरची झणझण, ती बुडबुड्यांची नसतेच मुळी. जिभेवरच्या आंबट चव ओळखणाऱ्या पेशींवर एक विकर असतं, ते कार्बन डायऑक्साइडचं आम्ल करतं आणि ते आम्ल आपल्याला टोचतं. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून लेहला जाणारे अनेक जण ॲसिटाझोलामाइडची गोळी घेतात. ती याच प्रकारच्या विकरांना अडवते. मग तिथे पोचल्यावर कोल्ड्रिंक उतरलेलं, मिळमिळीत लागतं आणि दोष दुकानदाराला जातो.

माझ्या रूट बिअरला एका बाबतीत मात्र यश आलं नाही: फेस. अमेरिकन पेयाचा फेस ग्लासात बराच वेळ टिकतो, कारण त्यात युका किंवा किलाया या वनस्पतींचा अर्क असतो. त्यातली सॅपोनिनं म्हणजे एक टोक पाण्याकडे आणि एक टोक पाण्यापासून दूर ओढणारे रेणू. ते बुडबुड्याच्या भिंतीत उभे राहून तिला धरून ठेवतात. सॅपोनिन म्हटल्यावर आपल्याला रिठा आठवणारच. आठवू द्या, पण पेयात घालू नका, ते केसांसाठीच ठीक.

गेल्या डिसेंबरात पुन्हा केली. थंडीत बाटली कडक व्हायला तीन दिवस लागले. आईने ग्लास नाकाशी नेला, वास घेतला, आणि "याला बिअर म्हणू नका म्हणजे झालं" असं म्हणून संपवला. घरात कुणाला अर्धा टक्काही चालत नसेल, किंवा लहान मुलांना द्यायचं असेल, तर यीस्ट वगळून काढा दाट गोड करावा आणि आयत्या वेळी थंड सोड्यात मिसळावा. वास तोच येतो. यीस्टवाली बाटली फ्रीजमध्येही हळूहळू चढत राहते, म्हणून आठवड्याच्या आत संपवावी आणि झाकण थोडं थोडं सैल करत उघडावं. ओतताना हलवू नये. तळाशी यीस्टचा मातकट गाळ बसतो. तो शेवटचा अर्धा पेला मी कढीपत्त्याच्या कुंडीत ओतते.